पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान

पीक डिस्ट्रिक्ट हा इंग्लंडच्या मध्य व उत्तर भागांच्या सीमेवरील डोंगराळ ग्रामीण प्रदेश असून पेनाइन पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाशी वसलेला आहे. त्याचा बहुतांश भाग डर्बीशायर परगण्यात मोडतो; चेशायर, स्टॅफर्डशायर, यॉर्कशायर व ग्रेटर मँचेस्टर यांचेही काही भाग त्यात येतात. १७ एप्रिल १९५१ रोजी या प्रदेशास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. युनायटेड किंग्डममधील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४३७ चौरस किलोमीटर आहे. मँचेस्टर, शेफील्ड, डर्बी व स्टोक-ऑन-ट्रेंट ही औद्योगिक शहरे चहूबाजूंनी जवळ असल्याने येथे वर्षाकाठी एक कोटीहून अधिक पर्यटक येतात. पायी भ्रमंती, प्रस्तरारोहण, सायकल सफर, गुहादर्शन, जुने वाडे आणि खेडी ही येथील मुख्य आकर्षणे आहेत. या डोंगरांवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क सामान्य माणसाला दीर्घ लढ्यानंतर मिळाला. तो इतिहास ठाऊक नसेल तर येथील पाऊलवाटांचे महत्त्व पुरते उमगत नाही.

भारतीय वाचकाने येथे एक भेद ध्यानात घ्यावा. भारतात राष्ट्रीय उद्यान म्हटले की मनुष्यवस्तीस मज्जाव असलेले अरण्य डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्याने तशी नाहीत. पीक डिस्ट्रिक्टमध्ये शेते, मेंढवाडे, शाळा, दुकाने आणि बाजारपेठा आहेत. सुमारे ३८,००० लोक तेथे राहतात. जमीन बहुतांशी खासगी मालकांची, जलपुरवठा कंपन्यांची किंवा नॅशनल ट्रस्ट या वारसा संस्थेची असून उद्यान प्राधिकरणाच्या मालकीचा वाटा अल्प आहे. प्राधिकरणाचे मुख्य काम बांधकामावर नियंत्रण ठेवणे, निसर्ग व वारसा जपणे आणि लोकांना त्यांचा आस्वाद घेता येईल अशी व्यवस्था करणे हे आहे.

नाव आणि भूरूप

‘पीक’ या शब्दावरून येथे उंच सुळके असतील असा समज होतो. प्रत्यक्षात सुळके जवळजवळ नाहीतच. येथे वस्ती केलेल्या पेक्सेटन या अँग्लो-सॅक्सन टोळीच्या नावाशी या नावाचा संबंध जोडला जातो. सर्वोच्च ठिकाण किंडर स्काउट हे अवघे ६३६ मीटर उंच असून तेही शिखर नसून विस्तीर्ण पठार आहे.

प्रदेशाचे दोन स्पष्ट भाग पडतात. दक्षिणेकडील ‘व्हाइट पीक’ हा चुनखडकाचा मुलूख आहे. हिरवी कुरणे, खोल नद्यांच्या दऱ्या, गुहा आणि पांढुरक्या दगडांचे गडगे ही त्याची ओळख. कोकणातल्या गडग्याप्रमाणेच येथील गडगेही चुना वा सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले असतात. उत्तरेकडील, तसेच पूर्व व पश्चिम कडांवरील ‘डार्क पीक’ हा भरड वालुकाश्माचा प्रदेश आहे. तेथे झाडे विरळ, वारा बोचरा आणि पायाखाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे शतकानुशतके साचलेले काळे, ओलसर थर. या उंच ओसाड माळांना ‘मूर’ म्हणतात. ऑगस्टमध्ये हेदरच्या झुडपांना बहर आला की हे काळपट माळ जांभळे होतात. याच वालुकाश्मापासून पूर्वी दळणाची मोठी जाती घडवली जात. मागणी थांबल्यावर अर्धवट घडवलेली कित्येक जाती कड्यांच्या पायथ्याशी तशीच पडून राहिली. जात्याचा दगड हेच आज उद्यानाचे बोधचिन्ह आहे.

वाटांचा लढा

किंडर स्काउटच्या माळावर पूर्वी आसपासच्या गावकऱ्यांची गुरे चरत. १८३० च्या दशकात ही सामाईक जमीन कायद्याने कुंपणबंद होऊन जमीनदारांकडे गेली. पुढे या माळांवर ग्राउझ पक्ष्यांची शिकार हा धनिकांचा आवडता छंद झाला. पक्ष्यांची वीण बिघडू नये म्हणून रखवालदार नेमले गेले आणि परक्या माणसाला माळावर पाऊल टाकण्यास बंदी झाली. याच काळात पायथ्याच्या शहरांत सूतगिरण्या आणि पोलादाचे कारखाने वाढत होते. आठवडाभर धुरात काम करणाऱ्या कामगाराला रविवारी मोकळी हवा हवी होती. डोंगर दिसत होते, पण वर जाण्यास परवानगी नव्हती.

यावर कायदेशीर मार्गाने तोडगा काढण्याचे प्रयत्न बरेच झाले. डोंगर-माळांवर प्रवेश देणारे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये संसदेत मांडले. ते संमत झाले नाही. १८९४ मध्ये मँचेस्टर परिसरातील पाऊलवाटा जपण्यासाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिच्या खटपटीने १८९७ मध्ये हेफील्डपासून किंडरच्या उत्तर अंगाने जाणारी ‘स्नेक पाथ’ ही वाट खुली झाली. पठार मात्र बंदच राहिले.

२४ एप्रिल १९३२ रोजी रविवारी हेफील्डजवळील बोडन ब्रिज येथील दगडखाणीत सुमारे चारशे तरुण-तरुणी जमले. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा मँचेस्टरचा कामगार तरुण त्यांचा म्होरक्या होता. जमाव गात गात किंडरच्या उतारावर चढला, रखवालदारांशी त्याची झटापट झाली आणि पलीकडून आलेल्या शेफील्डच्या गटाला भेटून तो परतला. पठाराच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत कोणी पोहोचले नव्हते. परतीच्या वाटेवर पोलिसांनी धरपकड केली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने मिळाले. खासगी जमिनीत नुसते पाऊल टाकणे हा त्या काळी फौजदारी गुन्हा नव्हता. त्यामुळे खटला दंगल व मारहाण अशा आरोपांखाली चालला. भ्रमंती करणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांचा या सामूहिक अतिक्रमणास विरोध होता. वाटाघाटींनी मिळू पाहणारे यामुळे हातचे जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. परंतु शिक्षांची बातमी पसरताच लोकमत तरुणांच्या बाजूने वळले. लढ्याचे सारे श्रेय या एका दिवसाला देण्याची प्रथा पडली आहे, ती पूर्णतः न्याय्य नाही. आधीची पन्नास वर्षे अर्ज, सभा आणि विधेयके यांत खर्ची पडली होती. १९३२ च्या घटनेने त्या मागणीला चेहरा दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेशाविषयीचा कायदा झाला आणि त्यातून १९५१ चे हे उद्यान साकारले. १९८२ मध्ये किंडर स्काउट नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील डोंगर, मूर, हीथ, खडू-टेकड्या आणि नोंदणीकृत सामाईक जमिनी यांवर पायी फिरण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये त्याची अंमलबजावणी २००४–०५ मध्ये टप्प्याटप्प्याने झाली. २००२ मध्ये अतिक्रमणाच्या सत्तराव्या स्मरणदिनी डेव्हनशायरचे अकरावे ड्यूक अँड्र्यू कॅव्हेंडिश बोडन ब्रिज येथे आले आणि आपल्या आजोबांच्या काळातील वर्तनाबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली. खाणीच्या जागी आज वाहनतळ असून तेथे स्मृतिफलक लावला आहे.

पायी भ्रमंती आणि इतर मैदानी छंद

किंडरवर जाण्याची सर्वांत रुळलेली वाट ईडेल खेड्यातून निघते. जेकब्ज लॅडर या दगडी पायऱ्यांच्या चढाने पठारावर पोहोचता येते. पठाराच्या पश्चिम कडेवरून कोसळणारा सुमारे ३० मीटरचा किंडर डाउनफॉल धबधबा जोरदार पश्चिमी वाऱ्यात वर उडू लागतो. असा ‘उलटा धबधबा’ दुरून धुरासारखा दिसतो. पठारावर धुके झपाट्याने उतरते आणि पीटच्या घळी एकसारख्या दिसत असल्याने अनुभवी माणूसही वाट चुकतो. नकाशा व होकायंत्र वापरता येत नसल्यास स्वच्छ हवेतच वर जावे.

ईडेल हे पेनाइन वे या दीर्घ पदमार्गाचे आरंभस्थान आहे. पत्रकार टॉम स्टीफनसन यांनी १९३५ मध्ये त्याची कल्पना मांडली व ३० वर्षांनी, १९६५ मध्ये, तो खुला झाला. तो सुमारे ४३१ किलोमीटर चालून स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येटम येथे संपतो. पीटमध्ये पाय रुतून वाट रुंदावत गेली तेव्हा तिच्यावर मोठाल्या दगडी फरश्या अंथरण्यात आल्या. यांतील पुष्कळ फरश्या बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या आहेत. ज्या गिरण्यांतील कामगारांसाठी हे डोंगर बंद होते, त्याच गिरण्यांची जमीन आता डोंगरावरची वाट झाली आहे.

इतके कष्ट नको असतील त्यांच्यासाठी कॅसलटनजवळची मॅम टॉर ही ५१७ मीटर उंचीची टेकडी उत्तम. माथ्यावर प्राचीन तटबंदीचे अवशेष असून दोन्ही बाजूंच्या दऱ्या एका दृष्टिक्षेपात दिसतात. टेकडीची पूर्वेकडील बाजू सतत ढासळत असल्याने तिला ‘थरथरता डोंगर’ असे टोपणनाव पडले. तिच्या पायथ्याचा हमरस्ता वारंवार खचू लागल्यावर १९७९ मध्ये कायमचा बंद करण्यात आला; त्याचे तुटलेले डांबरी थर आजही तेथे पाहता येतात.

हॅदरसेजच्या वर असलेला स्टॅनेजचा लांबलचक कडा ब्रिटिश प्रस्तरारोहणाच्या इतिहासात मानाचे स्थान राखून आहे. उंची फारशी नाही, परंतु खडबडीत दगडावर हातापायांची पकड चांगली बसते व नवशिक्यापासून निष्णातापर्यंत सर्वांना जमतील असे मार्ग आहेत. हॅदरसेज येथे लेखिका शार्लट ब्राँटी १८४५ मध्ये काही काळ राहिली होती. ‘जेन एअर’ या तिच्या कादंबरीतील काही स्थळे या परिसरावरून सुचली असे मानले जाते.

सायकलस्वार, लहान मुले आणि चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे यांच्यासाठी जुन्या रेल्वेमार्गांवर तयार केलेल्या सपाट वाटा सोयीच्या आहेत. मॉन्सल ट्रेल ही त्यांतील सर्वांत देखणी. १९६८ मध्ये बंद झालेल्या लोहमार्गावरील या सुमारे १३.७ किलोमीटरच्या वाटेवरील बोगदे २०११ मध्ये दिवे लावून खुले करण्यात आले. वाटेतला हेडस्टोन पूल आज छायाचित्रकारांचा लाडका आहे. या रेल्वेवर मात्र कलासमीक्षक जॉन रस्किनने दरीचा विध्वंस म्हणून कडाडून टीका केली होती. टिसिंग्टन ट्रेल आणि हाय पीक ट्रेल या अशाच आणखी दोन वाटा आहेत. दक्षिणेकडील डव्हडेल ही चुनखडकाची दरी नदीपात्रातील पावलांच्या दगडांसाठी प्रसिद्ध आहे. सुट्टीच्या दिवशी त्या दगडांवरून पलीकडे जायला रांग लागते, म्हणून सकाळी लवकर जाणे श्रेयस्कर.

कॅसलटनच्या गुहा

कॅसलटन गावाच्या डोक्यावर पेव्हरिल हा नॉर्मन काळातील पडका किल्ला असून गावाभोवती पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या चार गुहा आहेत. पीक कॅव्हर्नच्या प्रचंड मुखाशी पूर्वी दोर वळणाऱ्या कुटुंबांची वस्ती होती. त्यांचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकला. स्पीडवेल येथे शिशाच्या खाणीसाठी खोदलेल्या व पाण्याने भरलेल्या बोगद्यातून नावेने जावे लागते. ट्रीक क्लिफ आणि ब्लू जॉन या गुहांत ‘ब्लू जॉन’ नावाचे जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे फ्लोराइट खनिज सापडते. त्याचे दागिने गावातील दुकानांत मिळतात. साठा मर्यादित असल्याने खाणकाम अल्प प्रमाणातच चालते.

ईम: साथीचे गाव

ईम हे गाव पाहण्यास जाणारा माणूस निसर्गासाठी जात नाही. १६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून येथे प्लेग शिरला, असे परंपरेने सांगितले जाते. हिवाळ्यात साथ मंदावली व पुढील वर्षी पुन्हा भडकली. जून १६६६ मध्ये गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतभेदामुळे पदावरून दूर झालेले आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली हे दोघे आपसांतील वाद बाजूला सारून एकत्र आले. साथ शेजारच्या गावांत पसरू नये म्हणून कोणी गावाची सीमा ओलांडू नये, असे त्यांनी गावकऱ्यांना पटवले. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागल्या. प्रत्येक घराने आपले मृत स्वतःच पुरायचे ठरले. बाहेरची गावे सीमेवर अन्न ठेवून जात आणि त्याची किंमत व्हिनेगर भरलेल्या दगडी खळग्यांत नाण्यांच्या रूपाने ठेवली जाई. चॅट्सवर्थच्या तत्कालीन अर्लनेही मदत पाठवली. सुमारे चौदा महिन्यांत २६० च्या आसपास माणसे दगावली. त्यांत मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही होती. एलिझाबेथ हँकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा मुले गमावली आणि त्यांना स्वतःच्या हातांनी पुरले. गावाबाहेरच्या कुरणात गोल गडग्याच्या आत त्या कबरी आहेत.

विलगीकरणाने गावातील मृत्यू वाढले काय, आणि त्याग कितपत स्वेच्छेचा होता, यांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. पळून जाण्याचे साधन असलेली काही कुटुंबे आधीच गेली होती, हेही खरे. गावात लहान संग्रहालय आहे, प्लेगग्रस्त घरांवर मृतांची नावे लिहिलेले फलक आहेत आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी स्मरणार्थ प्रार्थना होते. त्या घरांत आजही लोक राहतात, याचे भान पाहुण्यांनी ठेवावे.

चॅट्सवर्थ आणि केळी

डरवेंट नदीकाठचा चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा, म्हणजे कॅव्हेंडिश कुटुंबाचा प्रासाद आहे. चित्रे, शिल्पे व ग्रंथ यांचा मोठा संग्रह येथे पाहावयास मिळतो. भोवतालचे ‘नैसर्गिक’ वाटणारे रान अठराव्या शतकात लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन याने आखून केलेले आहे. १८२६ मध्ये येथे मुख्य माळी म्हणून आलेल्या जोसेफ पॅक्स्टनने काचेची भव्य वनस्पतिगृहे उभारली. त्याच अनुभवावर त्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसचा आराखडा केला. त्याने १८४४ मध्ये रचलेले एम्परर कारंजे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या दाबावर चालते.

महाराष्ट्राशी या बागेचा एक अनपेक्षित धागा जुळतो. १८३० च्या दशकात पॅक्स्टनने येथील काचगृहात एक बुटकी केळ वाढवली आणि तिला मालकाच्या घराण्यावरून कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगाव जिल्ह्यातील शेतकरी लावतात त्या बसराई व ग्रँड नैन या जाती याच कॅव्हेंडिश गटातील आहेत.

जवळच असलेला हॅडन हॉल हा मध्ययुगीन वाडा आकाराने लहान, पण कमी बदललेला असल्यामुळे अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

डरवेंट खोऱ्यातील जलाशय

डरवेंट नदीच्या वरच्या खोऱ्यात हाउडन, डरवेंट आणि लेडीबाउअर हे तीन जलाशय एकाखाली एक आहेत. लेडीबाउअरचे उद्घाटन १९४५ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी केले. त्यासाठी ॲशप्टन व डरवेंट ही खेडी पाण्याखाली गेली. डरवेंट चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर उभा होता. तो १९४७ मध्ये सुरुंगाने पाडण्यात आला. दुष्काळी वर्षांत घरांचे पाये उघडे पडतात आणि ते पाहण्यास गर्दी लोटते. १९४३ मध्ये जर्मनीतील धरणे फोडण्याच्या मोहिमेसाठी ब्रिटिश वायुदलाच्या ६१७ व्या तुकडीने डरवेंट धरणावर अगदी खालून उड्डाण करण्याचा सराव केला होता. जलाशयांच्या काठाने चालण्यासाठी व सायकलसाठी सोपे रस्ते आहेत.

गावे, सण आणि खाद्य

बेकवेल हे उद्यानातील मोठे बाजारगाव असून तेथे सोमवारी बाजार भरतो. पातळ पापुद्र्याच्या आवरणात जॅम आणि त्यावर अंडे-बदामाचे मिश्रण घालून भाजलेले ‘बेकवेल पुडिंग’ येथेच खावे. खानावळीतील स्वयंपाकिणीच्या चुकीतून ते जन्मले अशी कथा सांगतात. इतरत्र मिळणारा ‘बेकवेल टार्ट’ हा निराळा पदार्थ आहे, आणि दोन्हींत गल्लत केलेली स्थानिकांना रुचत नाही.

विहिरी सजवण्याची प्रथा ही या प्रदेशाची खास ओळख. लाकडी चौकटीत ओली चिकणमाती थापून तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया व शेवाळ दाबून चित्रे तयार करतात आणि ती विहिरी वा झऱ्यांपाशी उभी करतात. टिसिंग्टन येथे ईस्टरनंतरच्या येशूच्या स्वर्गारोहणदिनी ही सजावट होते. पुढे सप्टेंबरपर्यंत निरनिराळ्या गावांचे दिवस येतात. प्लेगपासून किंवा दुष्काळातून वाचल्याबद्दल पाण्याचे आभार मानण्यासाठी ती सुरू झाली अशा आख्यायिका आहेत. चित्र आठवडाभरच टिकते. माती सुकली की पाकळ्या गळतात.

बक्स्टन हे उष्ण झऱ्यांचे व जुन्या नाट्यगृहाचे शहर या प्रदेशाच्या मध्यावर असले तरी उद्यानाच्या हद्दीत नाही. त्याच्या भोवतीच्या चुनखडकाच्या खाणी वगळण्यासाठी हद्द मुद्दाम वळवून आखली आहे. नकाशावर ती खाच सहज दिसते.

सध्याचे प्रश्न

लोकप्रियतेचा भार या प्रदेशाला सोसावा लागत आहे. बहुतेक पर्यटक स्वतःच्या मोटारीने येतात आणि अरुंद रस्ते तुंबतात. सुट्टीतील भाड्याच्या घरांमुळे किमती वाढून स्थानिक तरुणांना गावात घर घेणे कठीण झाले आहे. कारखान्यांच्या धुरातील आम्ल, चराई आणि वणवे यांमुळे पीटचे मोठे क्षेत्र उघडे पडले होते. २००३ पासून तेथे घळी बांधून आणि स्फॅग्नम शेवाळ लावून ते पुन्हा ओले करण्याचे काम चालू आहे. जून २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूरवर लागलेल्या वणव्याने या कामाची निकड दाखवून दिली. पर्यटन व संवर्धन यांत टोकाचा संघर्ष आल्यास संवर्धनास प्राधान्य द्यावे, हे तत्त्व १९९५ च्या कायद्यात नमूद आहे.

प्रवास आणि नियम

मँचेस्टर व शेफील्ड यांना जोडणारा होप व्हॅली लोहमार्ग उद्यानातून जातो. ईडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज व ग्राइंडलफर्ड या स्थानकांवर दोन्ही शहरांतून साधारण तासाभरात पोहोचता येते, त्यामुळे मोटारीवाचून अडत नाही. मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. तरीही पावसाचे कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट बाळगावेत.

वहिवाटीच्या पाऊलवाटा पिवळ्या बाणाने, तर घोडे व सायकलींनाही मुभा असलेल्या वाटा निळ्या बाणाने दाखवलेल्या असतात. पाऊलवाट शेतातून जात असली तरी तिच्यावरून चालणे हा हक्क आहे. फाटक जसे आढळले तसेच, उघडे वा बंद, सोडावे. खुल्या माळांवरील हक्क फक्त पायी फिरण्याचा आहे. तेथे १ मार्च ते ३१ जुलै या पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुत्रा आखूड दोरीनेच बांधलेला असावा, आणि मेंढरांजवळ तर वर्षभर. उघड्यावर शेकोटी पेटवू नये. जमीनमालकाच्या संमतीवाचून तंबू ठोकता येत नाही. अपघात झाल्यास ९९९ या क्रमांकावर पोलिसांमार्फत पर्वतीय बचाव पथक मागवावे. ही पथके स्वयंसेवकांची असून त्यांची सेवा विनामूल्य असते.